पडलेलं शहर परत बांधतात म्हणजे नेमकं काय करतात?

२०२५ च्या सप्टेंबरात इराकमधल्या मोसूल शहराची बातमी आली. युद्धात उडवून दिलेला तिथला अल-हदबा मिनार पुन्हा उभा राहिला आणि त्याच्या शेजारची अल-नूरी मशीद लोकांसाठी उघडली. आमच्या निपाणीतल्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी दोन फोटो टाकले. एकात विटांचा ढीग आणि त्यातून वर आलेला मिनाराचा नुसता बुंधा. दुसऱ्यात तोच मिनार, पूर्वीसारखाच एका अंगाला कललेला, विटांच्या नक्षीसकट. खाली शेजारच्या काकांनी लिहिलं, "साडेआठशे वर्षांचा मिनार म्हणत्यात, आणि बांधलाय आत्ता. मग ह्यो जुना कसा?"

प्रश्न रास्त आहे. दोन ओळींत उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. पोलंडची राजधानी वॉर्सा पाहून आल्यापासून हाच प्रश्न माझ्याही डोक्यात घोळतोय. भाचा तिथं नोकरीला आहे, त्याच्याकडे आठ दिवस राहिलो होतो. ते शहर जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं होतं आणि तरी आज तिथं 'जुनं गावठाण' आहे, राजवाडा आहे, अरुंद गल्ल्या आहेत. काकांसाठी आणि ज्यांना ज्यांना तसंच वाटलं असेल त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

जतन, जीर्णोद्धार आणि पुनर्बांधणी

बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी आहे, १२०४ सालची. तिचा दगड झिजू नये, पाणी मुरू नये एवढंच बघायचं, नवं काही जोडायचं नाही. हे जतन. गावचं देऊळ गळायला लागलं की पंच बसतात, वर्गणी निघते, वासे बदलतात, शिखर नवं होतं, गाभाऱ्यातली मूर्ती मात्र तीच राहते. हा जीर्णोद्धार. तो काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिसरा प्रकार आपल्याकडे क्वचित दिसतो. इमारत गेली आहे, जोतं आणि दगडविटांचा ढीग तेवढा उरलाय, आणि तीच इमारत त्याच जागी, त्याच मापानं परत उभी करायची. ही पुनर्बांधणी. मोसूलला आणि वॉर्साला झालं ते हे, आणि तेही एखाद्या इमारतीचं नव्हे, गल्ल्याच्या गल्ल्यांचं.

वॉर्सात काय घडलं

दुसऱ्या महायुद्धाआधी वॉर्सात सुमारे तेरा लाख लोक राहत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला करून वॉर्सा घेतलं. १ ऑगस्ट १९४४ ला शहरातल्या भूमिगत सेनेनं उठाव केला, तो ६३ दिवस चालला. त्यात दीड ते दोन लाख नागरिक मेले. उरलेल्यांना शहराबाहेर हाकललं.

यापुढचा भाग नीट समजून घ्यायला हवा. लढाई संपली होती. शहर रिकामं होतं. त्या रिकाम्या शहरात जर्मन तुकड्या एकेक घर पेटवत, सुरुंग लावून उडवत गेल्या. लढाईत गोळा लागून भिंत पडणं वेगळं. इथं भिंतीला भोकं पाडून, त्यात दारू ठासून, ठरवून पाडापाड झाली. राजवाडा, ग्रंथालयं, अभिलेखागारं असं निवडून नष्ट केलं. पुन्हा इथं 'आपण' म्हणून कुणी उभं राहू नये, हा हेतू होता. परत बांधणारे लोक एवढे हट्टाला का पेटले हे त्याशिवाय कळत नाही.

१७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत आणि पोलिश सैन्य शहरात शिरलं तेव्हा जवळपास ८५ टक्के शहर पडलेलं होतं. राजधानी वूच शहरात हलवावी असाही विचार चालला होता. पण बर्फातून चालत लोक परत यायला लागले, पडक्या घरांच्या तळघरांत राहायला लागले. राजधानी कुठं ठेवायची हे सरकारनं ठरवायच्या आत लोकांनी चुली मांडल्या होत्या.

पहिलं काम ढिगाऱ्याचं

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर दूधगंगा-वेदगंगेच्या काठची गावं ज्यांनी पाहिली, त्यांना हे लगेच उमगेल. पाणी ओसरल्यावर पहिले कितीतरी दिवस घर बांधायची भाषाच नव्हती. चिखल उपसायचा, पत्रे बाजूला, वासे बाजूला, भांडी बाजूला. माझ्या आत्याच्या घराच्या मातीच्या भिंती बसल्या, पण सागवानी चौकट चिखलातून शाबूत निघाली. आज तिच्या नव्या स्लॅबच्या घराला तीच चौकट आहे. उंबऱ्यावर नारळ फोडून पडलेले वण तसेच आहेत. आत्या पाहुण्यांना आधी उंबरा दाखवते, मग घर.

वॉर्सात हेच काम शहरभर होतं. ढिगारा सुमारे दोन कोटी घनमीटर. आपल्या ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत तीनेक घनमीटर माल बसतो असं धरलं, तर पासष्ट लाखांच्या वर खेपा होतात. आधी सैन्यातले सुरुंग काढणारे लोक पुढं गेले, मग बाकीचे. अख्ख्या विटा चुना खरवडून रचून ठेवल्या. फुटक्या विटा भरडून, सिमेंटमध्ये कालवून त्यांचे ठोकळे पाडले आणि त्यांचीच नवी घरं बांधली. नक्षीचा दगड, चौकटीचा तुकडा, मूर्तीचा हात असं काही मिळालं की वेगळं काढायचं, कारण तेच पुढं पुरावा म्हणून उपयोगी पडायचं.

तरी विटा पुरल्या नाहीत. मग युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या व्रोत्सवाफ, श्चेचिन अशा शहरांतून विटा आणल्या. त्यासाठी तिथल्या जुन्या, थोड्याफार दुरुस्तीनं वाचल्या असत्या अशा इमारतीसुद्धा उतरवल्या गेल्या. वॉर्साचं कौतुक करताना हे सांगितलं जात नाही. एका शहराचं जुनेपण परत आणायला दुसऱ्या शहराचं जुनेपण खर्ची पडलं, आणि मला ते आजही खटकतं.

मोसूलला ढिगाऱ्यात आणखी एक धोका होता. २०२४ मध्ये, म्हणजे लढाई संपून सात वर्षांनी, अल-नूरी मशिदीच्या भिंतीत लपवलेले पाच मोठे बॉम्ब सापडले. काम थांबवून आधी ते निकामी करावे लागले. 'इतकी वर्षं कशाला लागतात?' असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

माप कुठून आणायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि मला सगळ्यात भावलेली गोष्टही इथलीच.

अंगातला कोट जळाला तर तसाच दुसरा शिवता येतो, पण कधी? शिंप्याच्या वहीत माप असेल तर. इमारतीच्या मापाच्या वहीला मोजणी नकाशे म्हणू. भिंतीची जाडी, खिडकीची उंची, जिन्याच्या पायऱ्या, कमानीचा बाक, सगळं टेपनं मोजून कागदावर उतरवलेलं. वॉर्साच्या तंत्रशिक्षण विद्यापीठातले वास्तुकलेचे विद्यार्थी युद्धाआधी अभ्यासाचा भाग म्हणून जुन्या गावठाणातली घरं अशी मोजत असत. जर्मन अंमलात शिकणं-शिकवणंच चोरून चालायचं, तरी हे काम थांबलं नाही. उठाव मोडल्यावर शहर पेटत असताना यातले कितीतरी नकाशे बाहेर काढून प्योत्रकूफ गावातल्या एका मठात लपवले. युद्ध संपल्यावर ते परत आले आणि त्यांच्यावरून घरं उभी राहिली.

वीस-बावीस वर्षांची पोरं उपाशीपोटी भिंतींची मापं घेत होती. कशासाठी, तर भिंत पडली तरी ती कशी होती हे कुणाला तरी माहीत असावं म्हणून. या एका गोष्टीसाठी मी वॉर्साला पुन्हा जाईन.

दुसरा आधार होता चित्रांचा. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार पोलंडच्या राजाच्या दरबारी होता. त्यानं वॉर्साचे रस्ते, घरं, चौक अतिशय बारकाईनं रंगवले. त्यासाठी तो एक अंधारी पेटी वापरायचा. पेटीला बारीक भोक असतं, त्यातून बाहेरचं दृश्य आतल्या पडद्यावर उमटतं आणि ते गिरवता येतं. त्यामुळे प्रमाण बिनचूक येतं. ही चित्रं जर्मनांनी पळवली होती, युद्धानंतर ती परत मिळाली आणि पुनर्बांधणीत त्यांचा उपयोग झाला. आज ती राजवाड्यातल्या एका दालनात आहेत.

भाचा म्हणाला, "मामा, आधी हे चित्र डोळ्यांत भरून घ्या. मग बाहेर जाऊन तेच घर दाखवतो." तसंच केलं. चित्रातल्या घरासमोर उभा राहिलो आणि अंगावर काटा आला. पण याला एक दुसरी बाजू आहे. चित्रकार हा अखेर चित्रकार. त्यानं काही ठिकाणी इमारतीला स्वतःच्या मनानं थोडी जास्त शोभा दिली होती. परत बांधताना काही घरं त्या चित्राबरहुकूम झाली, म्हणजे ती १९३९ सालच्या खऱ्या घरापेक्षा चित्राशी जास्त जुळतात.

मोसूलच्या कारागिरांकडे जुने फोटो होते, नोंदी होत्या आणि ढिगाऱ्यातून वेचलेल्या मूळ विटा होत्या. आता तर लोकांनी सहज काढलेले जुने फोटो जोडून संगणकावर इमारतीचा घनाकार उभा करता येतो.

इथं जरा थांबून आपल्याकडे बघावंसं वाटतं. निपाणीत, बेळगावच्या शहापुरात, खानापुरात दरवर्षी जुने वाडे उतरतात. आमच्या गल्लीतला एक वाडा मागच्या पावसाळ्याआधी पाडला. दिंडी दरवाजा, चौकाभोवतीचे लाकडी खांब, माडीचा कोरीव कठडा, सगळं एका टेंपोतून गेलं. पाडू नका असं म्हणायचा हक्क मला नाही, मालकाच्या अडचणी मालकाला माहीत. पण पाडण्याआधी एक दिवस टेप धरून मापं घेतली असती, मोबाइलवर शंभर फोटो काढले असते, तर वाडा कागदावर तरी राहिला असता. आता त्या चौकाची लांबी-रुंदी किती होती हे कुणीच सांगू शकत नाही.

कुठलं साल परत आणायचं?

माप मिळालं तरी एक प्रश्न उरतोच. घर काही एका दिवशी होत नाही. आजोबांनी माजघर बांधलं, वडिलांनी माडी चढवली, आपण पुढं दुकानाचा गाळा काढला. हे घर उद्या परत बांधायचं झालं तर कुणाच्या काळातलं बांधायचं?

वॉर्साच्या लोकांनी मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकातलं रूप निवडलं. नंतरच्या काळात चढवलेले मजले बऱ्याच ठिकाणी परत बांधलेच नाहीत. पूर्वी दाटीवाटीनं बांधलेली मागची घरं वगळून मोकळी अंगणं ठेवली. दर्शनी भिंती जुन्या रूपाच्या, आत मात्र नळ, संडास, वीज असलेले साधे फ्लॅट. राजवाड्यासमोरच्या चौकाखालून मोटारींसाठी बोगदा काढला, तो १९४९ मध्ये सुरू झाला. त्या बोगद्यापाशी पोलंडमधला पहिला सरकता जिना बसवला.

आणि एक भाग परत आणलाच नाही. युद्धाआधी वॉर्सातली जवळपास तिसरा हिस्सा वस्ती ज्यूंची होती. त्यांना जर्मनांनी भिंत घालून कोंडलं, बहुतेकांना मारलं, आणि १९४३ मध्ये तिथल्या लोकांनी उठाव केल्यावर तो सगळा भाग सपाट केला. तिथं आता मुरानूफ नावाची वसाहत आहे. ढिगारा इतका होता की तो हलवण्याऐवजी त्याच्यावरच घरं बांधली, त्याच ढिगाऱ्याचे ठोकळे पाडून. फिरताना लक्षात येतं की इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत आणि दारापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. ती उंची जुन्या घरांची आहे. मी एक जिना चढलो, वर एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. तिथून खाली उतरताना पाय जड झाले होते.

ज्या गल्लीची माणसं परत येत नाहीत, ती गल्ली परत बांधा म्हणायलाही कुणी उरत नाही. पुनर्बांधलेलं शहर बघताना काय उभं केलंय हे बघावं, आणि काय उभं केलं नाही हेही विचारावं.

मग हे नकली नाही का?

काकांच्या प्रश्नाकडे येऊ. हा आक्षेप तज्ज्ञांनीही घेतलेला आहे. १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरच्या जाणकारांनी जुन्या वास्तूंसाठी एक सनद केली. तिच्यात उत्खननात निघालेल्या अवशेषांबाबत स्पष्ट म्हटलंय की पडलेले मूळ तुकडे परत जागच्या जागी बसवा, पण नव्यानं पुनर्बांधणी नको. भीती खरी होती. अंदाजानं बांधलं तर पुढच्या पिढीला खरं कुठलं आणि मनचं कुठलं हे कळणार नाही.

तरी १९८० मध्ये युनेस्कोनं वॉर्साचं गावठाण जागतिक वारसा यादीत घेतलं. भिंतींचं वय मोजलं असतं तर ते बसलंच नसतं, कारण बाजारचौक पुन्हा उघडला १९५३ मध्ये. युनेस्कोनं मानलं ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर, पुराव्यानिशी, एका अख्ख्या समाजानं केलेल्या पुनर्बांधणीला. थोडक्यात, ते गावठाण तेराव्या शतकाचं म्हणूनही मोलाचं आहे आणि विसाव्या शतकाचं म्हणूनही.

माझं उत्तर असं: नकली आणि परत बांधलेलं यांत फरक प्रामाणिकपणाचा आहे. नवं बांधून 'हे जुनंच आहे' म्हणून खपवलं तर ती फसवणूक. वॉर्सात तसं केलेलं नाही. राजवाड्याचं घ्या. १७ सप्टेंबर १९३९ ला बॉम्ब पडले तेव्हा मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाअकराला थांबलं होतं. नंतर जर्मन राजवाडा उडवणार हे दिसत असताना संग्रहालयातल्या लोकांनी जिवावर उदार होऊन दारं, शेकोट्यांच्या चौकटी, कोरीव तुकडे बाहेर काढून ठेवले. १९४४ मध्ये राजवाडा उडवला. परत बांधायचा निर्णय झाला १९७१ मध्ये, लोकवर्गणीतून, आणि ते जुने तुकडे नव्या भिंतीत जागच्या जागी बसवले. जुना दगड काळपट, नवा उजळ. सांधा लपवलेला नाही. १९७४ मध्ये घड्याळ परत सुरू केलं ते सव्वाअकरा वाजताच.

राजवाड्यासमोर राजा झिग्मुंटचा उंच खांब आहे, पहिल्यांदा १६४४ साली उभारलेला. १९४४ च्या सप्टेंबरात तो पडला, १९४९ मध्ये नव्या खांबावर राजाचा जुनाच पुतळा चढवला. पडलेला खांब फेकून दिलेला नाही. राजवाड्याच्या कडेला गवतावर त्याचे दंडगोल तुकडे आडवे ठेवलेत, कुणीही हात लावू शकतं. मी लावला. एका बाजूला पॉलिश अजून गुळगुळीत लागतं आणि लगेच पुढं गोळ्यांचे खड्डे, बोटाचं पेर आत जाईल एवढे. भाचा म्हणाला, इथले बाप पोरांना आधी हा पडलेला खांब दाखवतात, मग मान वर करून उभा.

आणि आपल्या देवळाचं आठवा. शिखर नवं, फरशी नवी, तरी आपण 'आमचं जुनं देऊळ' म्हणतो आणि कुणाला खोटं वाटत नाही. जत्रा तीच असते, पालखीची वाट तीच असते, मानकरी तेच असतात.

लोकांना घरं नाहीत, मिनार कशाला?

हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो.

मोसूल २०१४ च्या जूनमध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेच्या हाती गेलं. आपल्याला मोसूलचं नाव माहीत झालं त्याच महिन्यात, कारण तिथं काम करणाऱ्या ३९ भारतीय मजुरांना पळवून नेलं. ते सगळे मारले गेल्याचं २०१८ मध्ये कळलं. बेळगावचं नातं तर त्याहून जुनं आहे. आज बेळगावात जे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, ते ज्या ११४ मराठा पलटणीचा वारसा सांगतं, ती पलटण १९१८ च्या ऑक्टोबरात मोसूलच्या दक्षिणेला तैग्रिसकाठी शर्कात इथं लढली होती. आपल्या मुलखातली माणसं त्या नदीकाठाला आधी बंदूक घेऊन गेली आणि शंभर वर्षांनी देशातली दुसरी माणसं थापी घेऊन गेली.

२०१७ च्या जूनमध्ये माघार घेता घेता आयसिसनं मिनार उडवला. जुलैत शहर सुटलं. २०१८ मध्ये युनेस्कोनं काम हाती घेतलं. संयुक्त अरब अमिरात आणि युरोपीय संघ यांनी मोठा पैसा दिला, एकूण निधी साडेअकरा कोटी डॉलरच्या आसपास. त्यातून मशीद आणि मिनार झाला, दोन जुनी चर्च झाली आणि १२४ जुनी राहती घरं दुरुस्त झाली. हजाराहून जास्त तरुणांना दगडकाम, गवंडीकाम, सुतारकाम शिकवलं.

शेवटची गोष्ट मला मिनाराइतकीच मोठी वाटते. चुन्याचा घाणा कसा मळायचा, विटेची नक्षी कशी बसवायची हे हातांतलं ज्ञान आहे, पुस्तकातून येत नाही. युद्धात माणसं मरतात तेव्हा ते हातही जातात. मिनाराच्या निमित्तानं नवे हात तयार झाले की तेच पुढं घरं बांधतात. शिवाय देऊळ, मशीद, बाजार उभा राहिला की पांगलेल्या माणसाला गाव परत गाव वाटायला लागतं.

पण एवढ्यानं आक्षेप संपत नाही. मोसूलच्या जुन्या पेठेत अजून पडकी घरं आहेत आणि तिथली सगळी माणसं परतलेली नाहीत. मिनाराला देणगीदार मिळतो, कारण त्याचा फोटो निघतो. गल्लीतल्या गटारीला देणगीदार मिळत नाही. फोटोतला मिनार पाहून 'मोसूल झालं' असं समजू नये.

जागा कुणाची, आणि कोण परत येणार?

महापुरानंतर आपल्याकडे घरं पडझडीप्रमाणे ए, बी, सी अशा गटांत बसवली. पंचनामा झाला, पण घर भाऊबंदकीत असेल, उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल, तर भरपाई अडली. घर पडल्यापेक्षा कागद नसल्याचं दुःख जास्त, असं म्हणणारे लोक मी पाहिलेत.

वॉर्सात मालक मेलेले, परागंदा झालेले, कागद जळालेले. २६ ऑक्टोबर १९४५ ला एक हुकूम निघाला आणि शहरातली सगळी जमीन नगरपालिकेची झाली. त्यामुळे काम झपाट्यानं झालं हे खरं. एकेका मालकाची सही शोधत बसले असते तर गावठाण उभंच राहिलं नसतं. पण त्या हुकुमानं ज्यांची घरं गेली, त्यांचे वारस आजही दावे लढतायत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. एका कागदावर एका दिवशी रेघ ओढली जाते, आणि पुढच्या तीन पिढ्या तिच्याबद्दल बोलत राहतात.

काहींना परत यायला गावच उरलं नाही, आणि यातले बरेच जण आपल्या अगदी शेजारी राहून गेले. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे इकडे पोचली. माझे आजोबा त्या काळात छावणीत भाजी घेऊन जायचे. गोऱ्या बायका मराठीत भाव करायच्या, असं ते सांगायचे. युद्ध संपलं, पण त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता. वॉर्साच्या माणसाचं घर पडलं होतं, पण जागा होती. वळिवड्याच्या बायकांपैकी कितीतरींचं घर कदाचित उभंही असेल, पण ते आता दुसऱ्या देशात होतं. त्या मग इंग्लंडला आणि जगात कुठं कुठं पांगल्या.

पडकं तसंच ठेवलं तर?

वॉर्सात अजून एक राजवाडा आहे, म्हणजे होता. सॅक्सन राजवाडा. १९४४ मध्ये उडवला, तीन कमानी तेवढ्या वाचल्या. त्यांच्याखाली अनाम सैनिकाची समाधी आहे, ज्योत तेवते, पहारा असतो. आता त्या कमानींना धरून अख्खा राजवाडा परत बांधायचा कायदा २०२१ मध्ये झालाय. काहींना तो हवाय. काही म्हणतात, या तीन कमानी जे सांगतात ते अख्खा राजवाडा सांगू शकणार नाही.

मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण कित्तूर. १८२४ मध्ये राणी चेन्नम्मांनी कंपनी सरकारशी लढा दिला. २३ ऑक्टोबरला जिंकल्या, डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगलला कैदेत १८२९ मध्ये वारल्या. आज कित्तूरच्या राजवाड्याला छप्पर नाही, जाड भिंती आहेत, ध्रुवतारा बघायचं भोक आहे. राजवाड्याची प्रतिकृती उभारायची चर्चा अधूनमधून निघते. जरूर उभारावी, पण शेजारी. त्या भिंतींवर नको. कित्तूरच्या पडण्यातच इतिहास आहे, आणि तिथं राहायला परत येणारं कुणी ताटकळलेलं नाही. वॉर्सात, मोसूलमध्ये माणसं परत यायची वाट बघत होती, म्हणून तिथं बांधणं बरोबर होतं.

बघायला जायचं असेल तर

दुःखाच्या जागी हिंडायला जाणं बरं दिसतं का, असं बायकोनं मला जाताना विचारलं होतं. तिथल्या लोकांचा अनुभव असा की पाहुणे आले की खानावळ चालते, कारागिराला काम मिळतं आणि आपली गोष्ट ऐकायला कुणीतरी आलं याचं बरं वाटतं. फोटो माणसांना विचारून काढावेत, ढिगाऱ्यातलं काही उचलू नये. मोसूलसारख्या ठिकाणी जाण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नये. पाटी दिसली नाही तरी पायवाट सोडू नये, जमिनीत काय आहे ते सांगता येत नाही.

वॉर्साला गेलात तर मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक बघा. १९४४ ला इटलीतल्या त्या लढाईत पोलिश आणि भारतीय दोन्ही सैनिक होते. त्याच्याजवळच कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली तेव्हा ते आपल्याकडच्या बातम्यांत आलं होतं. परदेशातल्या त्या चौकात 'कोल्हापूर' हे नाव वाचलं आणि आजोबांची भाजीची पाटी डोळ्यासमोर आली.

एवढं लांब जाणं जमणार नसेल तर निपाणीहून कोल्हापूरची बस पकडा, तासाभराची वाट आहे. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि शहरात त्यांची दफनभूमीही आहे, जे इथंच राहिले त्यांची. काकांना मी येत्या रविवारी चला म्हटलंय. ते म्हणाले, "येतो की. टेप घेऊ काय संगं?"